हरवलेला हार आणि इंग्रजीचा पेपर



परीक्षा जवळ आली की मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बाकी सगळं होईल हो, पण इंग्रजीचं काही खरं नाही!" गणिताला घाबरणारा मुलगा निदान वही-पेन्सिल घेऊन गणिताशी झटापट तरी करतो. इंग्रजीला घाबरणारा काय करतो? गाइड उघडतो, दोन निबंध पाठ करतो, एक पत्र पाठ करतो, आणि 'पाठ केलेलंच येऊ दे रे देवा' म्हणत झोपी जातो. पेपरात नेमकं दुसरंच येतं. मग पाठांतराचा काही उपयोग होत नाही आणि स्वतःचं वाक्य लिहायची तर सवयच नसते.

आज आपण उजळणी करणार आहोत ती पाठांतराशिवाय. दोन गोष्टींची उजळणी, बरं का! एक, इंग्रजी व्याकरणातल्या नेहमी चुकणाऱ्या जागा. आणि दोन, लघुकथेचे घटक, म्हणजे प्लॉट, कॅरेक्टर, सेटिंग वगैरे. गोष्टीवरच्या प्रश्नांनाही ते लागतात आणि मुद्द्यांवरून गोष्ट लिहायलाही लागतात.

सुरुवातीलाच एक गुपित सांगून टाकतो. इंग्रजीत आपल्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका बुद्धी कमी म्हणून होत नाहीत. आपण मनात मराठी वाक्य तयार करतो आणि त्याला इंग्रजी कपडे घालतो. मराठीची बांधणी वेगळी, इंग्रजीची वेगळी, त्यामुळे कपडे काही ठिकाणी घट्ट होतात, काही ठिकाणी ढगळ. पण यात एक मोठा फायदा लपलेला आहे. चूक कुठे होणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं! ज्या वळणावर खड्डा आहे हे माहीत असतं, तिथे सायकलवाला आपोआप ब्रेक दाबतो. तसंच हे.

आधी एक गोष्ट ऐका

व्याकरण आणि गोष्ट दोन्ही एकत्र शिकायचं तर हाताशी एखादी छान गोष्ट हवी. आपण घेऊ या गी द मोपासां या फ्रेंच लेखकाची 'द नेकलेस'. ही कथा 1884 साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात प्रथम छापली गेली आणि नंतर जगभरच्या शाळांमध्ये पोचली. थोडक्यात अशी:

पॅरिसमध्ये मातिल्द नावाची एक सुंदर तरुणी राहते. नवरा शिक्षण खात्यात साधा कारकून. घरात खायला-प्यायला कमी नाही, पण मातिल्दला हवे असतात दागिने, रेशमी पडदे, मोठमोठी माणसं. एके दिवशी नवरा मोठ्या आनंदानं मंत्र्यांकडच्या समारंभाचं आमंत्रण घेऊन येतो. ती रडायला लागते. चांगला पोशाख कुठाय? बिचाऱ्यानं बंदूक घेण्यासाठी 400 फ्रँक साठवलेले असतात, ते तो तिला देऊन टाकतो. पोशाख होतो. आता दागिना? मातिल्द आपल्या श्रीमंत मैत्रिणीकडून, मादाम फोरेस्तिएकडून, हिऱ्यांचा हार उसना आणते.

समारंभात सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. पहाटे घरी येऊन ती आरशासमोर उभी राहते, तर गळ्यात हार नाही! नवरा पायी सगळा रस्ता पालथा घालतो. हार सापडत नाही. मैत्रिणीला खरं सांगायचं सोडून ते दोघं तिला चिठ्ठी पाठवतात, की हाराची कडी तुटली, दुरुस्तीला दिलाय. मग तसाच दिसणारा दुसरा हार शोधतात. किंमत 36,000 फ्रँक! नवऱ्याकडे वडिलांचे 18,000 असतात. उरलेले कर्ज काढून उभे करतात. हार परत जातो. मैत्रीण डबी उघडूनही बघत नाही.

पुढची दहा वर्षं दोघं राब राब राबतात. मातिल्द मोलकरणीला काढून टाकते, भांडी घासते, कपडे धुते, पाणी वाहते, पै पैसाठी भाजीवाल्याशी भांडते. तिचं रूप जातं. कर्ज फिटतं. एका रविवारी तिला ती मैत्रीण भेटते, अजून तशीच तरुण. मातिल्द अभिमानानं सगळं सांगून टाकते. मैत्रीण तिचे दोन्ही हात हातात घेते आणि सांगते, की तो हार नकली होता. फार तर 500 फ्रँकांचा!

संपली गोष्ट. आता हाच हार हातात धरून व्याकरणाच्या गल्लीत शिरू या.

पहिली जागा: 'अ', 'ॲन' आणि 'द'

"मराठीत आर्टिकल नसतं, म्हणून आम्हाला ते जमत नाही," असं मुलं म्हणतात. खरंच नसतं? आजीची गोष्ट आठवा. "एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या." पहिल्यांदा राजा आला तेव्हा 'एक'. ओळख झाल्यावर 'त्या'. झालं की! हेच तर 'अ' आणि 'द' आहे. इंग्रजीतला 'ॲन' हा शब्द मुळात तिथल्या 'एक' या अर्थाच्या जुन्या शब्दातूनच आला. 'अ' हे त्याचंच आखूड रूप. आणि 'द' हा 'दॅट'चा जवळचा नातेवाईक. म्हणजे अडलं की मनात 'एक' घालून बघा आणि 'तो, ती, ते' घालून बघा. 'एक' बसलं तर 'अ', 'तो' बसला तर 'द'.

आता गंमत पाहा. "मातिल्द बॉरोड अ नेकलेस. शी लॉस्ट द नेकलेस." तिनं एक हार उसना घेतला, तो हार हरवला. मग तिनं परत काय केलं? "शी रिटर्न्ड अ नेकलेस," पण 'द नेकलेस' नाही! सारी कथा या एका इवल्याशा आर्टिकलवर उभी आहे. आर्टिकल बदललं की अर्थ बदलतो तो असा.

'अ' की 'ॲन' हा प्रश्न तर आपल्याला इंग्रज मुलांपेक्षा सोपा जावा. इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'अ'. 'अवर' म्हणजे तास, सुरुवात 'अ'नं, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी'ची सुरुवात 'य'नं, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'एम.एल.ए.'ची सुरुवात 'ए'नं, म्हणून 'ॲन एम.एल.ए.'. 'वन-रुपी कॉइन' 'व'नं सुरू होतं, म्हणून 'अ वन-रुपी कॉइन'. स्पेलिंगकडे बघूच नका, कान वापरा.

दुसरी जागा: क्रियापदाचा 'एस' आणि 'डिड'

मराठीत क्रियापद सगळ्यांसाठी बदलतं. मी करतो, तू करतोस, ते करतात. मुलगी असेल तर करते. केवढी रूपं! इंग्रजी साध्या वर्तमानकाळात बदल फक्त एकाच ठिकाणी: 'ही', 'शी', 'इट' आणि एकवचनी नाम असेल तर क्रियापदाला 'एस' किंवा 'ईएस'. "शी वॉशेस द डिशेस." एवढा एकच 'एस' सांभाळायचा, आणि नेमका तोच सांडतो. पेपर लिहून झाला की फक्त या 'एस'साठी एकदा सगळ्या उत्तरांवरून नजर फिरवा.

दुसरी चूक त्याहून प्रसिद्ध: "शी डिड नॉट टोल्ड." मराठीत आपण म्हणतो 'तिनं सांगितलं नाही'. भूतकाळ 'सांगितलं'मध्ये. म्हणून हात आपोआप 'टोल्ड' लिहितो. पण 'डिड'नं भूतकाळाचं ओझं आधीच उचललंय. एक पोतं दोन हमाल कशाला उचलतील? 'डिड' आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात: "शी डिड नॉट टेल." प्रश्नातही तेच: "डिड शी टेल?" आणि 'नो सूनर'मध्येही तेच: "नो सूनर डिड शी लुक इन द मिरर दॅन शी क्राइड आउट." आरशात पाहिलं मात्र, ती किंचाळली. इथे 'डिड शी लुक्ड' लिहिलं की गुण गेलेच समजा. आणि 'नो सूनर'ची जोडी 'दॅन'शी, 'व्हेन'शी नाही, हेही लक्षात ठेवा.

तिसरी जागा: आधी काय झालं, मग काय झालं

हार घरी आल्यावर हरवला का? नाही. तो वाटेतच कुठेतरी पडला, घरी आल्यावर कळलं. दोन्ही गोष्टी भूतकाळातल्या, पण एक जास्त जुनी. जास्त जुन्या गोष्टीला 'हॅड' लावायचा आणि क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं. "व्हेन दे रीच्ड होम, शी हॅड ऑलरेडी लॉस्ट द नेकलेस." ते घरी पोचले तेव्हा तिनं हार आधीच हरवलेला होता. मराठीतलं हे 'हरवलेला होता', 'गेलेली होती' आठवा, की 'हॅड' सुचेल. एकच घटना असेल तर मात्र उगाच 'हॅड' नको. "यस्टरडे आय हॅड गॉन टू द मार्केट" असं पुष्कळ जण लिहितात. तिथे साधं "आय वेंट" पुरे.

आणि हो, 'पासून' हा शब्द जपून! मराठीत 'दहा वर्षांपासून' आणि 'सोमवारपासून' दोन्हीकडे 'पासून'. इंग्रजीत मोजमाप असेल तर 'फॉर', सुरुवातीची खूण असेल तर 'सिन्स'. 'फॉर टेन इयर्स', 'सिन्स मंडे'. काम अजून चालूच असेल, तर क्रियापद 'हॅज बीन' किंवा 'हॅव बीन' आणि 'आयएनजी'. "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स."

चौथी जागा: हार सापडला नाही

या तीन शब्दांच्या वाक्याचं भाषांतर करून बघा. पुष्कळ जण लिहितील, "द नेकलेस डिड नॉट फाइंड." याचा अर्थ काय झाला? हारानं काहीतरी शोधलं नाही! मराठीत 'शोधणं' वेगळं, 'सापडणं' वेगळं. इंग्रजीत 'फाइंड'ला शोधणारा लागतो. शोधणारा सांगायचा नसेल, तर पॅसिव्ह व्हॉइस: "द नेकलेस वॉज नेव्हर फाउंड." पॅसिव्ह व्हॉइस फक्त परीक्षेत वाक्य फिरवून दाखवण्यासाठी असतो असं नाही. कुणी केलं हे माहीत नसतं किंवा महत्त्वाचं नसतं, तेव्हा त्याची खरी गरज पडते. काळाप्रमाणे 'इज', 'वॉज', 'विल बी' आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, एवढाच सांगाडा.

पाचवी जागा: तो म्हणाला की...

मराठीत आपण म्हणतो, "तो म्हणाला की मी परत जातो." 'मी' तसाच, 'जातो' तसंच. बोलणाऱ्याचे शब्द उचलून ठेवले की झालं. इंग्रजीत रिपोर्टेड स्पीच करताना सांगणाऱ्याच्या जागी उभं राहावं लागतं. नवरा बायकोला म्हणतो, "आय विल गो बॅक नाऊ." हे आपण तिसरेच सांगतोय, म्हणून 'आय'चा 'ही', 'विल'चा 'वुड', 'नाऊ'चा 'देन'. "ही टोल्ड हर दॅट ही वुड गो बॅक देन." सर्वनाम, काळ आणि वेळेचा शब्द, तीन ठिकाणी हात फिरवायचा. एक ठिकाण राहिलं तरी उत्तर चुकतं, म्हणून बोटावर मोजा: एक, दोन, तीन.

सहावी जागा: नाही का?

मराठीत एकच 'ना?' सगळीकडे चालतो. ती गरीब होती ना? तू येशील ना? इंग्रजीत शेपटी वाक्याप्रमाणे बदलते. "शी वॉज अनहॅपी, वॉझन्ट शी?" वाक्य होकारी तर शेपटी नकारी, वाक्य नकारी तर शेपटी होकारी. सहायक क्रियापद वाक्यातलंच, नसेल तर 'डू', 'डज' किंवा 'डिड'. सगळ्याला 'इझन्ट इट' लावणं बंद!

सातवी जागा: 'टू... टू' आणि 'इफ'

"शी वॉज टू अफ्रेड टू टेल द ट्रुथ." ती इतकी घाबरली होती की खरं सांगू शकली नाही. पहिला 'टू' म्हणजे 'फाजील', 'गरजेपेक्षा जास्त'. त्याच्या पोटात नकार दडलेला असतो. म्हणून 'टू' काढला की नकार बाहेर येतो: "शी वॉज सो अफ्रेड दॅट शी कुड नॉट टेल द ट्रुथ." 'कुड नॉट' विसरलात तर अर्थ उलटा होईल. ती घाबरली म्हणून खरं बोलली, असा!

आणि शेवटी 'इफ'. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल 'असं झालं असतं तर' म्हणायचं असेल, तर 'इफ'च्या भागात 'हॅड' आणि तिसरं रूप, दुसऱ्या भागात 'वुड हॅव' आणि तिसरं रूप. "इफ शी हॅड टोल्ड द ट्रुथ, शी वुड हॅव सेव्ह्ड टेन इयर्स." तिनं खरं सांगितलं असतं, तर तिची दहा वर्षं वाचली असती. हे वाक्य मोठ्यानं दोनदा वाचा. व्याकरणही पक्कं होईल आणि गोष्टीचा गाभाही हाती लागेल.

आता गोष्टीचे घटक

गोष्टीवर प्रश्न आला की मुलं सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत सुटतात. प्रश्न असतो 'क्लायमॅक्स कोणता?' आणि उत्तर सुरू होतं 'एका गावात...'नं! घटक वेगळे करता आले की उत्तर नेमकं येतं.

सेटिंग म्हणजे स्थळ आणि काळ. इथे एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस. पण नुसतं 'पॅरिस' लिहून थांबू नका. त्या स्थळकाळाचा गोष्टीशी संबंध सांगा. पोशाखावरून आणि दागिन्यांवरून माणसाची किंमत ठरवणारा तो समाज आहे, म्हणून मातिल्दला हाराची गरज वाटते.

कॅरेक्टर म्हणजे पात्र. पात्राबद्दल लिहिताना 'ती चांगली होती' किंवा 'ती वाईट होती' असं लिहिणं हे सर्वांत कच्चं उत्तर. एक गुण सांगा आणि त्याला गोष्टीतला पुरावा द्या. मातिल्द हावरी आहे? पुरावा: आमंत्रण आल्यावर आनंदण्याऐवजी पोशाखासाठी रडते. ती कष्टाळूही आहे? पुरावा: दहा वर्षं हातानं कामं करते, कर्ज बुडवत नाही. एकाच माणसात दोन्ही असू शकतं. गोष्टीत पात्र बदलतं की तसंच राहतं, हेही पाहा. मातिल्द बदलते, मादाम फोरेस्तिए जवळजवळ तशीच राहते.

कॉन्फ्लिक्ट म्हणजे संघर्ष. गोष्टीचं इंजिन हेच. पात्राला काहीतरी हवं असतं आणि वाटेत काहीतरी आडवं येतं. ते आडवं येणारं दुसरं माणूस असेल, निसर्ग असेल, समाज असेल किंवा स्वतःचंच मन असेल. इथे मातिल्दचा झगडा गरिबीशी आहे, पण त्याहून जास्त स्वतःच्या मोठेपणाच्या हौसेशी आहे.

प्लॉट म्हणजे कथानक, घटनांची माळ. गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकानं 1863 साली नाटकाच्या रचनेचं एक चित्र मांडलं, डोंगरासारखं. एका बाजूनं चढ, वर शिखर, दुसरीकडे उतार. शाळेत कथेसाठी तेच चित्र वापरतात. पायथा म्हणजे एक्स्पोझिशन: मातिल्दची ओळख. चढ म्हणजे रायझिंग ॲक्शन: आमंत्रण, पोशाख, उसना हार, समारंभ. शिखर म्हणजे क्लायमॅक्स: आरशासमोर हार नाहीसा झाल्याचं कळतं. उतार म्हणजे फॉलिंग ॲक्शन: शोध, कर्ज, कष्ट. शेवट म्हणजे रेझोल्यूशन: मैत्रिणीची भेट.

कुणी म्हणेल, "छे! खरं शिखर शेवटीच आहे, हार नकली असल्याचं कळतं तिथं." हेही म्हणता येतं. शिखर कुठे मानायचं यावर वाचकांचं दुमत होऊ शकतं. परीक्षेत दोन्हींपैकी एक निवडा आणि 'कारण' लिहा. कारणाशिवायचं उत्तर म्हणजे मिठाशिवायची आमटी.

पॉइंट ऑफ व्ह्यू म्हणजे गोष्ट कोण सांगतंय ते. गोष्टीतलंच पात्र 'मी' म्हणून सांगत असेल तर फर्स्ट पर्सन. बाहेरचा निवेदक 'तो, ती' म्हणत सांगत असेल तर थर्ड पर्सन. 'द नेकलेस' थर्ड पर्सनमध्ये आहे आणि निवेदक बहुतेक वेळ मातिल्दच्या खांद्यामागून पाहतो. म्हणूनच तिला जे माहीत नाही, ते आपल्यालाही शेवटपर्यंत कळत नाही. मादाम फोरेस्तिएनं ही गोष्ट सांगितली असती, तर पहिल्याच पानावर गुपित फुटलं असतं!

आयरनी म्हणजे अपेक्षेच्या उलटं घडणं. श्रीमंत दिसण्याच्या हौसेपायी ती होती त्याहून गरीब झाली. 500 फ्रँकांच्या हारापायी 36,000 फ्रँक गेले, म्हणजे बहात्तर पट! असा आकडा उत्तरात लिहिलात तर तपासणाऱ्याला कळतं, की या मुलानं गोष्ट खरोखर वाचलीय.

राहिली थीम, म्हणजे आशय. इथे सगळ्यांची गाडी अडते. आपल्याला इसापनीतीची सवय, म्हणून आपण प्रत्येक गोष्टीखाली 'ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी' लिहून मोकळे होतो. थीम म्हणजे तात्पर्याचा शिक्का नव्हे. ही गोष्ट माणसाबद्दल काय दाखवते, ते पूर्ण वाक्यात सांगायचं. 'प्राइड' हा नुसता विषय झाला. 'दिखाऊपणा आणि खरं सांगायची लाज यांची किंमत माणसाला फार मोठी मोजावी लागते,' ही थीम झाली.

तुम्ही गोष्ट लिहिता तेव्हा

मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, असा प्रश्न आला की पुष्कळ मुलं मुद्द्यांमधल्या रेघा पुसून तिथे 'अँड देन' घालतात. झाली गोष्ट! पण ती गोष्ट होत नाही, यादी होते. समजा मुद्दे असे आहेत: शाळकरी मुलगी, एसटीचा प्रवास, बाकाखाली पिशवी, आत औषधं, पत्ता नाही, कंडक्टर, म्हातारे गृहस्थ.

लेखणी उचलण्याआधी कच्च्या जागेत पाच चौकोन काढा आणि प्रत्येकात दोन-दोन शब्द लिहा. कोण आणि कुठे? काय हवंय? आडवं काय आलं? शिखर कोणतं? शेवटी काय बदललं? इथे अडचण नीट निर्माण केली पाहिजे. पिशवी द्यायला उतरली तर तिची परीक्षा चुकेल, नाही उतरली तर कुणाचं तरी औषध चुकेल. आता बघा, गोष्टीत जीव आला!

मग हे पाच नियम पाळा:

1. सगळी गोष्ट भूतकाळात. मधेच 'शी गोज' नको. संवादात मात्र वर्तमानकाळ चालतो.

2. वाक्यं छोटी. लांब वाक्य अर्ध्यावर मोडण्यापेक्षा दोन सरळ वाक्यं केव्हाही बरी.

3. निदान दोन संवाद. अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम जागच्या जागी.

4. परिच्छेद तीन किंवा चार. नवी जागा, नवी वेळ, नवा परिच्छेद.

5. शीर्षक गोष्ट लिहून झाल्यावर द्या. 'अ गुड गर्ल'पेक्षा 'द बॅग अंडर द सीट' जास्त बरं, कारण ते वाचून पुढे वाचावंसं वाटतं.

आठवडाभराचा बेत

पहिले तीन दिवस व्याकरणाच्या वरच्या सात जागा, रोज दोन आणि शेवटच्या दिवशी तीन. प्रत्येकीची स्वतःची पाच वाक्यं लिहा, गाइडमधली नकोत. तुमच्या घरची, शाळेची, क्रिकेटच्या मैदानाची वाक्यं करा. ती लक्षात राहतात. चौथ्या दिवशी पाठ्यपुस्तकातली कुठलीही एक गोष्ट घेऊन तिचे घटक एका पानावर मांडा. पाचव्या दिवशी मुद्द्यांवरून एक गोष्ट, घड्याळ लावून. सहाव्या दिवशी तीच गोष्ट तपासा, पण मित्राची तुम्ही आणि तुमची मित्रानं. दुसऱ्याच्या वहीतली चूक डोळ्यांना पटकन दिसते! सातव्या दिवशी जुनी प्रश्नपत्रिका. प्रश्नांचं स्वरूप आणि गुणांची वाटणी आपल्या बाईंकडून किंवा सरांकडून पक्की करून घ्या.

मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्याची सवयही ठेवा. 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' घेऊन आपल्याकडच्या कित्येक पिढ्या याच वाटेनं इंग्रजी शिकल्या. रोज वर्तमानपत्रातलं एकच सोपं वाक्य घ्या. जिथे अडाल, तीच तुमची 'खड्ड्याची जागा'. ती वहीत टिपून ठेवा.

पालकांसाठी दोन शब्द

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांनी इंग्रजीचं पहिलं अक्षर पाचवीत गिरवलं असणार. "आम्हालाच येत नाही, आम्ही काय शिकवणार?" असं म्हणून बाजूला होऊ नका. तुम्हाला इंग्रजी यायलाच हवं असं नाही. मुलाला म्हणा, "ती हाराची गोष्ट मला मराठीत सांग." त्याला प्लॉट समजलाय की नाही, हे तुम्हाला लगेच कळेल. "ती बाई खरं का नाही बोलली?" असं विचारा. उत्तर देताना मूल थीमवरच विचार करत असतं.

आणि एक विनंती. वहीत लाल खुणा दिसल्या की रागावू नका. मातिल्दच्या गोष्टीत नुकसान हार हरवल्यामुळे झालं त्यापेक्षा जास्त ते लपवल्यामुळे झालं. रागाच्या भीतीनं मुलं पेपर लपवतात, मग चूक तशीच राहते आणि वर्षानुवर्षं तिचं व्याज भरत बसतात. "मला हे येत नाही," हे वाक्य ज्या घरात न घाबरता म्हणता येतं, त्या घरातलं मूल लवकर शिकतं.

गृहपाठ

खालची वाक्यं दुरुस्त करा. उत्तरं हातानं झाका हं!

1. शी डिड नॉट टोल्ड हर फ्रेंड.

2. ही इज वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स.

3. माय अंकल इज अ एम.एल.ए.

4. शी टोल्ड मी दॅट आय विल कम टुमॉरो. (येणार ती स्वतःच आहे.)

5. यू आर रेडी, इझन्ट इट?

6. माय पेन डिड नॉट फाइंड.

आणि एक लिहायचं काम: 'द नेकलेस'चा शेवटचा प्रसंग मादाम फोरेस्तिए स्वतः 'मी' म्हणून सांगतेय, अशी कल्पना करून दहा इंग्रजी वाक्यं लिहा. तिला ते ऐकून काय वाटलं असेल? ती पुढे काय करेल? मोपासांनं ते सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हाला मोकळं रान आहे.

उत्तरं: 1. शी डिड नॉट टेल हर फ्रेंड. 2. ही हॅज बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स. 3. माय अंकल इज ॲन एम.एल.ए. 4. शी टोल्ड मी दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे. 5. यू आर रेडी, आरन्ट यू? 6. माय पेन वॉज नॉट फाउंड.

सहाच्या सहा बरोबर? शाबास! चार बरोबर? छान, उरलेल्या दोन जागा पुन्हा वाचा. दोनच बरोबर? तरी हरकत नाही. कुठे चुकतंय हे परीक्षेच्या आधी कळलं, हीच तर उजळणीची कमाई. पेपरला जाताना पेन दोन न्या, घड्याळ न्या, आणि शेवटची दहा मिनिटं फक्त त्या सांडलेल्या 'एस'साठी राखून ठेवा.

यशस्वी व्हा!